अँटिव्हायरस बदलला आणि लॅपटॉप कोसळायला लागला: फॉरमॅट मारण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: चार वर्षांचा लॅपटॉप, विंडोज 11, आठ जीबी रॅम. आधीच्या अँटिव्हायरसची मुदत संपली, म्हणून तो काढला आणि दुसऱ्या कंपनीचा घेतला. त्या आठवड्यापासून दिवसातून दोन-तीनदा एरर आलेला पडदा दिसतो, काही टक्के मोजून होतात आणि लॅपटॉप आपणहून रीस्टार्ट होतो. एका दुकानदारानं फॉरमॅट मारायला सांगितलं, दुसऱ्यानं मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. तुम्ही विचारताय, नवा अँटिव्हायरस परत करून पैसे मागू की फॉरमॅट करून टाकू?

आज दोन्ही करू नका. सांगलीत मी 23 वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय. ‘अँटिव्हायरस बदलल्यापासून बंद पडतो’ असं सांगत आलेल्या मशीनमध्ये माझ्या अनुभवात नवा अँटिव्हायरस एकटा दोषी सापडणं कमीच. बहुतेक वेळा जुना पुरता गेलेला नसतो. भाडेकरूनं खोली सोडली, पण कपाट तिथंच आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, असा प्रकार. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं हार्डवेअर आधीच कुरकुरत असतं आणि अँटिव्हायरस बदलणं हे निव्वळ निमित्त ठरतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते तसं. त्यामुळे नवा चांगला की वाईट हा वाद थोडा बाजूला ठेवू. आधी एवढंच शोधायचं की तुमच्या विंडोजच्या पोटात आत्ता नेमकं कोण कोण बसलंय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. लॅपटॉप ऑफिसनं दिलेला असेल तर पुढचं काही करू नका, सरळ तुमच्या आयटीवाल्यांना फोन करा. तिथला अँटिव्हायरस वरून नियंत्रित असतो आणि तुम्ही काढला तरी परत येऊन बसतो. दुसरं, ‘कोसळतो’ म्हणजे काय हे नीट बघा. एरर लिहिलेला पडदा येतो (विंडोज 11 मध्ये 2025 पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा येतो, गोंधळू नका) तेव्हा विंडोजनं स्वतःच गाडी थांबवलेली असते आणि कारणाची चिठ्ठीही लिहून ठेवलेली असते. पडदा न येता दिवा विझावा तसा लॅपटॉप बंद झाला तर संशय उष्णता, बॅटरी किंवा चार्जरवर. आणि चित्र गोठून माउसही हलत नसेल तर ती तिसरीच जात, तिथं मी डिस्क आधी बघतो. तुम्ही टक्के मोजताना पाहिलेत, म्हणजे पहिला प्रकार. हे बरं झालं, कारण यात पुरावा मिळतो.

आता जुना अँटिव्हायरस ‘काढला’ तरी राहतो कसा, ते समजून घ्या. ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

अँटिव्हायरसचा जो चौकोन तुम्हाला खाली घड्याळाशेजारी दिसतो, तो म्हणजे नुसतं रिसेप्शन. खरं काम त्याचे ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्राम करतात आणि ते विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतात. तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा ती मागणी डिस्कपर्यंत पोचण्याआधी फिल्टर नावाच्या ड्रायव्हरांच्या रांगेतून जाते. रांगेत कोण कुठं उभं राहणार याला नंबर असतात, त्यांना ‘अल्टिट्यूड’ म्हणतात. अँटिव्हायरससाठी मायक्रोसॉफ्टनं 320000 ते 329999 हा पट्टा राखून ठेवलाय. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा फिल्टर 328010 वर उभा असतो. फायरवॉलसाठी नेटवर्कच्या बाजूला आणखी ड्रायव्हर, काही कंपन्यांचे कीबोर्डसाठी वेगळे, आणि विंडोज सुरू होताना सगळ्यात आधी चढणारा एक पहारेकरी वेगळा.

सोसायटीच्या गेटवर दोन वेगवेगळ्या एजन्सींचे वॉचमन उभे केले तर काय होईल? पहिला पाहुण्याची पिशवी तपासायला घेतो, तेवढ्यात दुसरा पहिल्याकडून ती ओढतो, ‘आधी मी बघणार’. घरमालक वर वाट बघत बसतो. कॉम्प्युटरमध्ये याहून वाईट होतं. 64 बिट विंडोजमध्ये कर्नलमधल्या प्रत्येक कामाला मिळणारी स्टॅकची, म्हणजे तात्पुरत्या नोंदींची, जागा फक्त 24 किलोबाइट असते. रांगेत जितके फिल्टर जास्त, तितकी ती जागा भरत जाते. एकाची तपासणी दुसऱ्याला नवी फाइल उघडल्यासारखी वाटली आणि त्यानं आपली तपासणी त्यावर रचली, की कधीतरी जागा संपते आणि विंडोज जागच्या जागी कोसळतं. साध्या प्रोग्रामची चूक झाली तर तो प्रोग्राम बंद पडतो. कर्नलमधल्या ड्रायव्हरची चूक झाली तर विंडोज सगळंच बंद करतं. चुकीच्या मेमरीवर काम रेटून तुमच्या फायली बिघडवण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक गैरसमज: मुदत संपली म्हणजे तो निष्क्रिय झाला. तसं नसतं. लायसन्स संपलं की अपडेट बंद होतात, पण ड्रायव्हर रोज सकाळी हजेरी लावतच राहतात. शिवाय लॅपटॉप घेताना त्यात 30 दिवसांचा किंवा वर्षभराचा एखादा ट्रायल अँटिव्हायरस आधीच घातलेला होता का, आठवून बघा. बऱ्याच जणांना तो कधी होता हेही माहीत नसतं. तसं असेल तर तुमच्याकडे दोन नव्हे, तीन जणांचा संसार असू शकतो.

सुरक्षेच्या सॉफ्टवेअरनं मशीन पाडणं ही तुमच्यावरच आलेली साडेसाती नाही. जानेवारी 2018 मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींवर मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती आणली, तेव्हा काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत परवानगी नसलेल्या वाटेनं हात घालत होते. त्यांच्या जोडीनं ती दुरुस्ती बसली की मशीन कोसळायचं, काही तर सुरूच व्हायचं नाही. शेवटी मायक्रोसॉफ्टनं अट घातली: अँटिव्हायरसनं रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) ‘मी सुसंगत आहे’ अशी खूण ठेवली असेल तरच दुरुस्ती मिळेल. म्हणजे तेव्हा जुनापुराणा अँटिव्हायरस मशीनमध्ये असला तर विंडोजचे सुरक्षा अपडेटच अडायचे.

आणि 19 जुलै 2024 चा शुक्रवार तर तुम्हालाही आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन या कंपन्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक बारकी फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी 9:39 ला जगभर गेली. त्यांच्या ड्रायव्हरला माहितीचे 20 खाने मिळत होते आणि नव्या नियमानं 21 वा वाचायला सांगितला. तो खाना नव्हताच. ड्रायव्हर मेमरीच्या हद्दीबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख मशीन पडली. कंपनीनं ती फाइल 78 मिनिटांत मागे घेतली, पण पडलेली मशीन आपणहून उठेनात. बहुतेक ठिकाणी माणसानं एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू करण्याचा प्रकार) शिरून ती फाइल हातानं उडवली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. त्या दिवशी लोकांचा खोळंबा आणखी एका गोष्टीनं झाला: बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, की अनेकांकडे नव्हती. हे लक्षात ठेवा, तुम्हालाही लागणार आहे.

चला, कामाला लागू.

आधी पुरावा, मग सफाई. आमच्या धंद्यात पोरं उलटं करतात, आधी सगळं पुसतात आणि मग विचारतात काय झालं होतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप करा, ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येईल. तारखांचा तक्ता उघडतो, कोसळल्याच्या दिवशी लाल फुली असते. त्याच तक्त्यात खाली कुठला प्रोग्राम कुठल्या दिवशी बसला हेही दिसतं. आता स्वतःलाच विचारा: पहिली फुली अँटिव्हायरस बसवल्यानंतरची आहे की आधीची? ‘तेव्हापासून’ असं माणूस अगदी मनापासून सांगतो आणि तक्त्यात दोन महिने आधीच्या फुल्या निघतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ग्राहकासमोरच तो तक्ता उघडतो. फुली आधीची असेल तर पुढची सफाई कराच, पण मनात हार्डवेअर ठेवून.

दुसरा पुरावा म्हणजे एररच्या पडद्यावरचं नाव, ज्याला स्टॉप कोड म्हणतात. मोबाइलनं फोटो काढा. पडदा पटकन जातो, म्हणून ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून ठेवा. कोडमध्ये ‘व्हिया’ने (WHEA) सुरू होणारं नाव असेल, आकड्यात 124, तर तो बहुधा हार्डवेअरचा हुंकार आहे आणि अँटिव्हायरसला सोडून द्या. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन’ अशी नावं आली तर ड्रायव्हरचा संशय पक्का होतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ हे मधलं. नाव वाचून लोक लगेच रॅम बदलतात, पण ड्रायव्हरनं मेमरी बिघडवली तरी तोच कोड येतो.

कधी पडद्यावर खाली ‘व्हॉट फेल्ड’ म्हणून एका फाइलचं नावही येतं. ते जपून घ्या. पंचनाम्यात पहिलं नाव प्रेताशेजारी सापडलेल्याचं असतं, खुन्याचं असेलच असं नाही. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनिडंप’ नावाचं फोल्डर आहे, प्रत्येक कोसळण्याची एक छोटी फाइल तिथं पडते. नीरसॉफ्टच्या ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ या फुकट प्रोग्राममध्ये त्या उघडतात. खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचा ‘विनडीबीजी’ आहे. चार-पाच फायलींत पुन्हापुन्हा एकाच बाहेरच्या ड्रायव्हरचं नाव आलं तर माणूस सापडला. प्रत्येक वेळी वेगळंच नाव आलं तर माझी बोटं रॅमकडे वळतात. आणि सगळीकडे कर्नलचंच नाव आलं, तर त्यातून काही कळत नाही. कोसळताना कर्नल तिथं असायचंच.

आता ती रांग डोळ्यांनी बघा. कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं तो उघडा. एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. दहा-पंधरा ओळींचा तक्ता येतो: पहिल्या रकान्यात फिल्टरचं नाव, मग तो किती ठिकाणी चिकटलाय, मग अल्टिट्यूडचा आकडा. तुम्हाला फक्त 32 नं सुरू होणारे सहा आकडी नंबर बघायचेत. निरोगी मशीनमध्ये तिथं एकाच घरची मंडळी असतात. तुमच्या तक्त्यात नव्या कंपनीची नावं असतीलच. शेजारी जुन्या कंपनीच्या आद्याक्षरांचं एखादं नाव उभं असेल, तर तोच कपाटाची किल्ली घेऊन गेलेला भाडेकरू. (डिफेंडरचं नाव दिसलं तर लगेच घाबरू नका. बाहेरचा अँटिव्हायरस रीतसर नोंदला गेला की डिफेंडर स्वतः बाजूला होतो. पण ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये दोघंही ‘चालू’ दिसत असतील तर नोंदणीतच घोळ आहे.)

सफाईआधी दोन कामं. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. टॅली किंवा तसलं काही असेल तर त्याचा डेटा वेगळा. आणि बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क न सांगता कुलूपबंद झालेली असते आणि सेफ मोडमध्ये जाताना ते 48 आकडी की मागू शकतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ती साठवलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून की कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपमध्येच सेव्ह करून ठेवणारेही मला भेटलेत.

नव्या अँटिव्हायरसची की आणि बिल शोधून ठेवा. लायसन्स एकाच मशीनचं असेल तर काढण्याआधी कंपनीच्या खात्यातून हे मशीन मोकळं करा, म्हणजे परत बसवताना ‘आधीच वापरली आहे’ असं ऐकावं लागणार नाही. पूर्वी दुकानात अँटिव्हायरसचा डबा मिळायचा, आत सीडी आणि खरवडायची की. त्या डब्यातली की हरवली म्हणून माझ्याशी भांडलेली माणसं आजही रस्त्यात दिसली की मान वळवतात.

मग नवा आणि जुना, दोन्ही काढा. हो, नवाही. संशयित दोघं असताना एकालाच बाहेर ठेवून काही सिद्ध होत नाही. आधी नेहमीच्या विंडोजमध्ये, सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून काढा. हे सेफ मोडमध्ये करायला जाऊ नका. अनइन्स्टॉल करणारी विंडोज इन्स्टॉलर सेवा तिथं सहसा चालत नाही. त्यानंतर त्या त्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून तिचं स्वतःचं ‘रिमूव्हल टूल’ उतरवा. मॅकअफी, नॉर्टन, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट या सगळ्यांनी अशी टूल काढलेली आहेत. काढली कशाला? साध्या अनइन्स्टॉलनं सगळं जात नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे. टूल सेफ मोडमध्ये चालवायला सांगत असेल तर शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ निवडा, ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, आणि चार नंबर. सर्च इंजिनमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीतलं ‘कुठलाही अँटिव्हायरस काढा’ छापाचं टूल मात्र घेऊ नका. एक पाहुणा घालवायला दुसरा घरात घेतल्यासारखं होतं.

इथं एक गोष्ट सांगतोच, कारण निम्मे लोक याच जागी अडकतात. काढून झालं की ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं वेगळं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. शट डाउन केल्यावर ती कर्नल, त्यातल्या ड्रायव्हरांसकट, डिस्कवर झोपवून ठेवते आणि सकाळी तसंच्या तसं उठवते. म्हणजे काढलेला ड्रायव्हर बाहेर पडायची वेळच येत नाही. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक लॅपटॉप घेऊन आले. जुना अँटिव्हायरस काढून चार दिवस झाले होते, रोज रात्री बंद करत होते, तरी कोसळत होता. मी टास्क मॅनेजर उघडला, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ दाखवला: 11 दिवस. सर म्हणाले, शक्यच नाही, मी रोज शट डाउन करतो. एक खरं रीस्टार्ट केलं, मग त्या कंपनीचं टूल चालवलं, पुन्हा रीस्टार्ट. लॅपटॉप दोन दिवस दुकानात चालू ठेवला, एकदाही पडला नाही. बिल काय लावायचं हाच मला प्रश्न पडला.

परत ती पाच अक्षरं टाइप करा. 32 नं सुरू होणाऱ्या नंबरांत आता डिफेंडर एकटा हवा. जुन्याचं नाव अजूनही असेल तर टूल पुन्हा चालवा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूलसंचातला ‘ऑटोरन्स’ उघडून ‘ड्रायव्हर्स’मध्ये त्याच्यापुढची खूण काढा. फाइल शोधून हातानं डिलीट करू नका. काही ड्रायव्हर कीबोर्डच्या, नेटवर्कच्या किंवा डिस्कच्या साखळीत कडी म्हणून अडकवलेले असतात. साखळीत नोंद तशीच आणि फाइल गायब, अशी अवस्था झाली की कीबोर्ड मरतो, नाहीतर विंडोज सुरूच होत नाही. मग तुमच्या दुकानदाराचं ‘फॉरमॅट’ खरं करून दाखवल्यासारखं होईल. त्याच कारणानं रजिस्ट्री क्लीनरही नको.

आता थांबा. चार-पाच दिवस नुसत्या डिफेंडरवर नेहमीसारखं काम करा. बाहेरचा अँटिव्हायरस गेला की तो आपोआप चालू होतो, फक्त ‘विंडोज सिक्युरिटी’त हिरवी खूण बघून घ्या. घरच्या वापराला या दिवसांत तो पुरेसा आहे, उघडं पडाल अशी भीती नको. (तुमच्या वापराला कायमच पुरेल का? माझं मत आहे की बऱ्याच घरांना पुरतो. पण तुम्ही पैसे भरलेत आणि माझा भाऊबंदही अँटिव्हायरस विकतो, म्हणून तो विषय इथंच सोडतो.)

इथवरचं एका दमात: फुल्यांच्या तारखा बघितल्या, कोडचा फोटो काढला, रांग तपासली, बिटलॉकरची की उतरवली, दोन्ही काढून खरं रीस्टार्ट केलं, आणि आता वाट बघतोय.

पाच दिवसांत एकदाही कोसळला नाही तर झगडा सॉफ्टवेअरचाच होता. विंडोज अपडेट पूर्ण करा, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून वायफायचे आणि चिपसेटचे ड्रायव्हर अद्ययावत करा, आणि मग नव्या अँटिव्हायरसचा ताजा इन्स्टॉलर उतरवून तो एकटाच बसवा. आधी उतरवलेली जुनी फाइल वापरू नका. वायफायचं मुद्दाम म्हणतोय, कारण नव्या फायरवॉलचं भांडण कधी जुन्या अँटिव्हायरसशी नसतंच, ते चार वर्षं अपडेट न केलेल्या वायफाय ड्रायव्हरशी किंवा एखाद्या व्हीपीएनशी असतं. एकटा असूनही नवा परत पाडायला लागला, आणि मिनिडंपमध्ये त्याचंच नाव आलं, तर खुशाल पैसे परत मागा. त्या फायली सोबत जोडा. तक्रारीला वजन येतं.

नुसत्या डिफेंडरवरही कोसळत राहिला तर अँटिव्हायरसला निर्दोष सोडा. मग प्रश्न पडतो की नेमका तेव्हाच का सुरू झाला. उत्तर सोपं आहे: नवा अँटिव्हायरस बसला की सुरुवातीला बऱ्याचदा सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. चार वर्षं ज्या कोपऱ्याला कुणी हात लावला नव्हता तोही वाचतो, प्रोसेसर तासभर घामाघूम होतो, रॅम काठोकाठ भरते. दुखरी जागा दाबली जाते, एवढंच. एका करसल्लागारांचा डेस्कटॉप ऐन मार्चमध्ये रोज दुपारी सव्वाच्या सुमारास बंद पडायचा. अँटिव्हायरस नवा, त्याला शिव्या घालून झाल्या होत्या. त्याचं रोजचं स्कॅन एकला ठेवलेलं, सगळे डबे उघडतात त्या वेळी. मी झाकण उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचं चक्क नमदं झालेलं, चिमटीनं उचललं तर एकसंध निघालं. ते काढलं, थर्मल पेस्ट नवी लावली, तोच अँटिव्हायरस त्याच वेळी स्कॅन करत राहिला आणि मशीन चालत राहिलं.

तुमच्या बाबतीत या फाट्यावर आलात तर आधी रॅम. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे, पण त्यानं ‘ठीक’ म्हटलं तरी मी विश्वास ठेवत नाही. ‘मेमटेस्ट86’ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर रॅम सदोष. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून बघता येईल. मग ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये डिस्कची तब्येत; ‘गुड’ सोडून दुसरं काही दिसलं तर बाकी सगळं थांबवून आधी बॅकअप. सी ड्राइव्हवर निदान 20 जीबी मोकळी जागा आहे ना, तेही बघा. ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ चालवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. हत्यार उत्तम, पण ते संशयित ड्रायव्हरला मुद्दाम पाडतं, आणि पाडायचं कसं थांबवायचं हे ठाऊक नसेल तर लॅपटॉप सुरू होतो, पडतो, सुरू होतो, पडतो असा फिरत राहतो. ते दुकानावर सोडा.

फॉरमॅटबद्दल. त्यानं जुन्याचे अवशेष नक्की जातात, नाही म्हणत नाही, आणि दुकानदाराला तासाभरात गिऱ्हाईक मोकळं करता येतं. पण त्यासोबत डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग, श्रीलिपी असेल तर तिचं लायसन्स, बँकेच्या साइटसाठी केलेली जुळवाजुळव, हे सगळं परत उभं करण्यात तुमचे दोन दिवस जातात. आणि रॅम खराब असेल तर तिसऱ्या दिवशी परत तोच पडदा. रॅम आणि डिस्क दोन्ही पास झाल्या, डिफेंडरवरही कोसळतो, तेव्हा मी स्वतः फॉरमॅट करतो, त्याआधी नाही.

मदरबोर्ड म्हणणाऱ्याला एकच विचारा: कुठली तपासणी करून हे ठरवलं? त्यानं रॅम बदलून बघितली असेल, मिनिडंप उघडला असेल, कोड सांगितला असेल तर ऐकून घ्या, तो चुकीचा असेलच असं मी इथून म्हणू शकत नाही. नुसतं झाकण उघडून मान हलवली असेल तर लॅपटॉप घेऊन घरी या.

सफाई करण्याआधी तो पाच अक्षरांचा तक्ता, कोडचा फोटो आणि पहिल्या लाल फुलीची तारीख, एवढं इथं टाका. तक्त्यातलं नाव कुठल्या कंपनीचं ते मी सांगेन. फोटोत तुमचं युजरनेम दिसत असेल तर तेवढं झाका, आणि ती 48 आकडी की मात्र मलाही पाठवू नका.